पांढरीवरची बोलणी

शहराच्या मधोमध, बसस्थानक आणि मोठा बाजार यांच्या बेचक्यात, एक पांढुरकं टेकाड आहे. रुंद रस्ता तिथवर सरळ येतो आणि मुकाट वळसा घालून पुढे जातो. लोक या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती तिच्या पोटात आहे. भोवतीचं कुंपण बघून नवखा माणूस थबकतो, कारण त्यातली एक वीट दुसरीसारखी नाही. लाल, काळपट, सिमेंटची, कुठं गुळगुळीत, कुठं ओबडधोबड. असं का, म्हणून कुणी विचारलं, तर राखणदार शेवंताबाई आधी त्याला त्यानं कुंपणावर ठेवलेला चहाचा कप उचलायला लावतात आणि मग सांगू लागतात.

फार मागं, इथं नदीकाठचं गाव होतं तेव्हा, पांढरीवर दिवा लावायचा मान गुणाक्काच्या घराकडे होता म्हणे. सासूनं मरताना तिचा हात धरून शब्द घेतला होता, "आपल्या आधी जे इथं नांदले त्यांचं घर आहे हे. त्यांचं आता कुणी उरलं नाही. तू बघ."

गुणाक्का बघत होती. बघून बघून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. टेकाडातून जुन्या भिंती डोकावत, हातभर लांब, घट्ट भाजलेल्या विटांच्या. तशी वीट गावात कुणाला साधत नव्हती. मग गोठ्याला, विहिरीला, ओट्याला, जो तो पांढरीवरून विटा उचलायचा. तिनं काटेरी फांद्या लावल्या, त्या लोकांच्या चुलीत गेल्या. देवीचा कोप होईल अशी भीती घातली, तर लोकांनी देवीपुढं नारळ फोडला आणि विटा नेल्या. शेवटी ती येसाजी पाटलांकडे गाऱ्हाणं घेऊन गेली. पाटील ज्या ओट्यावर बसून ऐकत होते, तो ओटाच पांढरीच्या विटांचा.

"आक्का, तुझं अगदी खरं आहे," पाटील मान डोलवत म्हणाले. "या गावाला काही कळतच नाही बघ."

नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं? गुणाक्का धुमसत घरी आली.

घरी मुलाच्या लग्नासाठी मागची भिंत नवी बांधली होती. ती माहेरी गेली असताना नवऱ्यानं, महिपतनं, ते काम उरकलं होतं. त्या दिवशी भिंत लिंपताना मातीचा पोपडा पडला आणि आतून हातभर लांबीची वीट दिसली.

"अवो, हे काय?"

महिपतनं मान खाजवली. "अगं, सगळेच नेत होते. आपणच तेवढे मागं राहिलो असतो. आणि मागची भिंत कुणाला दिसतीय?"

गुणाक्का लिंपण टाकून उठली. तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंत पाडायला घेतली. "पावसाळा तोंडावर आलाय गुणे!" महिपत ओरडत राहिला. तिनं पाटीत विटा भरल्या आणि म्हणाली, "शेवटची वीट परत जाईपर्यंत मी छपराखाली निजणार नाही."

एकटीनं खेपा घालता घालता पाऊस लागला. डोक्यावर इरलं घेऊन ती पांढरीवरच राहिली. अंगात ताप भरला. महिपत भाकरी घेऊन जाई, विनवी, चिडे, परत येई. एके सकाळी त्यानं विनवणं सोडलं आणि पाटी डोक्यावर घेतली. स्वतःच्या घराची भिंत डोक्यावरून वाहत तो भर गावातून, मान खाली घालून गेला.

गुणाक्काच्या तोंडानं जे झालं नव्हतं, ते त्या चालण्यानं झालं. पाटलांची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली आणि ओट्यावर बसलेल्या लेकाला म्हणाली, "ऊठ. आता तूच खण."

दुपारपर्यंत गाव पांढरीवर जमलं, प्रत्येकाच्या हातात विटा. आता आक्का गहिवरेल, आशीर्वाद देईल, असं सगळ्यांना वाटलं. गुणाक्का तापानं थरथरत उठली.

"आत्ता आणल्या होय? यातली कुठली वीट कुठल्या भिंतीची, कोण सांगणार? घर नेलंत आणि ढिगारा आणून टाकलात!" बोलता बोलता तिचा आवाज बसला. तरी ती थांबली नाही. एकेकाला नाव घेऊन बोलली, पाटलांनाही. भर पावसात लोक ऐकत उभे राहिले. कुणी घरी गेलं नाही.

भिंती पुन्हा जुळणं शक्य नव्हतं. मग त्याच विटांचं भोवती कुंपण घातलं. तळाचे थर ते. गुणाक्का त्याच तापात गेली, असं काहीजण सांगतात. शेवंताबाईंना ते पटत नाही. एवढं बोलायचं बाकी असताना बाई जाईल कशी?

घर असो की दहा मजली इमारत, या शहरात बांधकामातली पहिली वीट आजही पांढरीच्या कुंपणाला द्यावी लागते आणि देणाऱ्याला तिथं उभं राहून बोलणी खावी लागतात. त्याशिवाय वास्तू शांत होत नाही म्हणे. गेल्या महिन्यात एक बिल्डर वीट घेऊन आला. याच पांढरीची एक बाजू कापून वाहनतळ करावा म्हणून त्यानं वर्षभर खटपट केली होती. शेवंताबाईंनी त्याला उन्हात उभं केलं. बऱ्याच वेळानं त्यानं घाम पुसत हळूच विचारलं, "मावशी, झालं का?"

"तुझं झालं का, ते आधी सांग," शेवंताबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.