पंचवीस वर्षांचं ऊन

"...आणि ऊन कुणाच्या मालकीचं, असलं काही मी विचारत नाही, महाराज. मी विचारतोय, सोलर पॅनल कुणाच्या मालकीचे असावेत?"

शिडीची पायरी तेवढी करकरली.

नदीकाठच्या दत्तमंदिरामागं एक बुटकी कौलारू खोली होती. पावसाळ्यापुरते स्वामी तिथं उतरले होते. आत्ता ते भगवी छाटी कमरेला खोचून शिडीवर उभे होते आणि आढ्याजवळची फुटकी कौलं आतूनच सरकवून काढत होते. वय ऐंशीच्या पुढं. शिडी भैरू गुरवानं धरली होती.

खाली अच्युतराव तासगावकर उभे होते. सांगलीच्या कॉलेजात उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. डॉक्टरेट परदेशातली. सिलिकॉनवर ऊन पडलं की वीज कशी निघते, हे त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढून दाखवलं होतं की झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं.

तेच सिलिकॉन स्वतःच्या गच्चीवर विकत घेऊन बसवावं की भाड्यानं, एवढं मात्र त्यांचं होळीपासून ठरत नव्हतं.

"मास्तर, ते कौल द्या."

"मी मास्तर नव्हे. प्राध्यापक होतो."

"बरं. प्राध्यापक, ते कौल द्या."

भैरू गुरव गालातल्या गालात हसला. अच्युतरावांनी हाताला लागलं ते कौल वर दिलं.

"नीट ऐका तरी, महाराज. भाड्यानं घेतले तर पॅनल कंपनीचे, बॅटरी कंपनीची, दुरुस्तीही कंपनीची. आपण दर महिन्याला पैसे भरायचे. करार पंचवीस वर्षांचा. विकत घेतले तर सगळं आपलं. बिघडलं तर तेही आपलंच."

"मग?"

"मग काय? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे."

स्वामींनी वाकून खाली बघितलं.

"वाटत नाही."

अच्युतरावांना नाही म्हटलं तरी बरं वाटलं. "किती वाटतो?"

"ऐंशी."

या वेळी भैरू मोकळेपणानं हसला. शिडी हलली. अच्युतरावांचे कान लाल झाले.

"थट्टा करा. सगळेच करतात. कंपनीचा माणूस आला होता. माझे पांढरे केस बघून मोठ्यानं बोलायला लागला, मी बहिरा असल्यासारखा. म्हणाला, 'काका, तुमच्या वयात भाड्यानंच बरं.' मुलगी नागपूरला असते. फोनवर म्हणाली, 'बाबा, विकत घेऊन तुम्ही काय...' आणि थांबली."

"काय म्हणायचं होतं तिला?"

"तुम्हाला कळतंय."

"मला नाही कळत. मला मुलगी नाही."

अच्युतराव एकदम उसळले.

"मी मरणार, असं म्हणायचं होतं! आज ना उद्या. मग पॅनल चमकत बसतील गच्चीवर, आणि खाली कुलूप. भाड्यानं घेतले तर करार तिच्या गळ्यात. म्हणजे भाड्यानं घ्यावे तर हार मानल्यासारखं, आणि विकत घ्यावे तर हाव. या वयात पंचवीस वर्षांचं ऊन गोळा करायला निघाला म्हातारा, असं लोक म्हणतील."

"लोकांचं राहू द्या. वीज कशाला हवी?"

"घरात आता वीज नाही का?" स्वामींनीच पुढं विचारलं.

"आहे. जाते."

"जाऊ दे की. आमच्याकडंही जाते."

"बायको आहे माझी," अच्युतराव म्हणाले.

त्यांचा आवाज उतरला. मंदाकिनीबाईंच्या फुप्फुसांनी दोन पावसाळ्यांपूर्वी काम टाकायला सुरुवात केली होती. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे आणि त्या घरघरीवर घर चालत असे. वीज गेली की मशीन शिट्टी मारतं. मग सिलिंडर जोडायचा. मागच्या खेपेला अच्युतरावांनी त्याची चावी उलटीच फिरवली होती, आणि जिला श्वास मिळत नव्हता तीच त्यांना सांगत होती, "डावीकडं... अहो... डावीकडं."

हे त्यांनी स्वामींना सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, "तिला वीज लागते. श्वासाला."

शिडीवरचा हात थांबला.

समोरचा काय बोलणार याचा अंदाज बांधून आधीच खोडून टाकायची अच्युतरावांना वर्गातली सवय होती.

"आणि देह हे भाड्याचं घर आहे, ते तेवढं सांगू नका. जन्मभर कीर्तनात ऐकलंय. घर भाड्याचं असेल नाहीतर फुकटचं असेल, तिचा श्वास माझ्यासमोर अडकतो. आत्मा अमर आहे, हेही नको. आत्म्याला ऑक्सिजन लागत नाही, मला माहीत आहे."

"मी कुठं काय बोललो?"

"बोलणार होतात."

"हो. बोलणार होतो," स्वामी म्हणाले. "कौल फुटकं दिलंत, एवढंच बोलणार होतो."

त्यांनी कौल खाली केलं. मधोमध तडा होता. आत्ताच वरून काढलेलं कौल अच्युतरावांनी परत वर दिलं होतं. नव्या कौलांची चळत दुसऱ्या बाजूला होती.

"सायेब," भैरू म्हणाला, "डाव्या अंगाची घ्या. उजवीकडची मोडीत काढल्याली हायती."

अच्युतरावांनी नवं कौल उचललं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कौल बगलेत धरून त्यांनी तो कानाला लावला.

"अहो... लाईट गेलीय..."

"सिलिंडर?"

"लावला... शेजारच्या पाटीलबाईंनी... काळजी... नको."

"मी निघतो. आत्ता निघतो."

"नका धावपळ... करू. मी काही... आज मरत नाही." मध्ये बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "जेवलात का?"

"हो," अच्युतराव खोटं बोलले.

फोन बंद झाला. ते तसेच उभे राहिले, बगलेत कौल धरून.

"काय म्हणाल्या?" स्वामींनी विचारलं.

"जेवलात का, म्हणाली."

वरच्या भोकातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून पुसट होत गेला. नदीच्या अंगानं आभाळ भरून येत होतं.

"आता सांगा," अच्युतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. "लोक म्हणतात, स्वामी एका वाक्यात गाठ सोडवतात. सोडवा. मी दोन तास एस.टी.त बसून आलोय. विकत की भाड्यानं?"

"कौल द्या."

"आधी उत्तर!"

"कौल, मास्तर. ढग बघा."

अच्युतरावांनी कौल दिलं. दिलं कसलं, वर ढकललं. स्वामींनी ते छपराच्या लाकडी रिपेवर सरकवलं, तळहातानं थोपटलं आणि दुसऱ्यासाठी हात खाली केला. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता.

भैरूला राहवेना.

"म्हाराज, मी मगाधरनं सांगतूय. उतरा खाली. उद्या सकाळी निघायचं, आन् आज कौलं बसवायची व्हय? रातच्याला सभामंडपात पडा की. न्हाईतर वर प्लास्टिकचा कागद टाकतो."

अच्युतराव चमकले. "उद्या? उद्या कुठं निघायचं?"

"उद्या भादव्याची पुनव न्हवं का? म्हाराजांचा दोन म्हयन्यांचा चातुर्मास संपला. म्हाराज पुढच्या गावाला जाणार. संन्याशाला एका जागी राहता येत न्हाई, सायेब."

"पुन्हा कधी येणार?"

"ते काय सांगावं? कुठल्याच गावाला परत आल्याले न्हाईत ते."

अच्युतरावांनी वर बघितलं. मग कौलांच्या चळतीकडं. मग पुन्हा वर. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, कॉपी पकडलेल्या परीक्षकाचं.

"असं होय," ते म्हणाले. "आता कळलं."

"काय कळलं?"

"हे सगळं माझ्यासाठी मांडलंय. उद्या जाणारा संन्यासी आज छप्पर शाकारतो. आणि उद्या मरणाऱ्या म्हाताऱ्यानं ते बघून बोध घ्यायचा. महाराज, मी जन्मभर प्रात्यक्षिकं घेतली. मांडून ठेवलेलं प्रात्यक्षिक मला लांबून ओळखू येतं."

स्वामी इतके हसले की भैरूला शिडी मिठी मारून धरावी लागली.

"अहो, तुम्ही येणार हे मला काय स्वप्न पडलं होतं? गळतंय, मास्तर!"

"गळू दे ना! उद्या तुम्ही इथं नाही."

"नाही."

"परवा या खोलीत कोण असणार, ठाऊक आहे?"

"नाही."

"कदाचित कुणीच नसेल. उंदीर असतील."

"असतील."

"म्हणजे तुमची इथं एकच रात्र उरली आहे. एक! तिच्यासाठी या वयात शिडीवर चढलात?"

स्वामींचं हसू थांबलं. त्यांनी छाटीच्या टोकानं तोंड पुसलं. अच्युतरावांकडं ते असं बघत राहिले की जणू हा माणूस त्यांना आत्ताच दिसला होता.

"एक उरली," ते म्हणाले, "म्हणून ती भिजत काढू?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं. मुद्दे तयार होते. या वाक्यातली चूक दाखवता आली असती. खोली आणि जन्म यांची तुलना कुठं लंगडी पडते, हे सांगता आलं असतं. पण कानात फक्त फोनवरचा तो मधला श्वास होता.

त्यांनी फोन काढला. सांगलीत चौगुले म्हणून पॅनल विकणारा होता. त्याच्याकडं ते एवढ्या खेपा घालून आले होते की त्यानं त्यांना चहा विचारणंही सोडलं होतं.

"चौगुले, तासगावकर बोलतोय. विकत घेतोय. बॅटरीसकट."

"सर... नक्की ना? म्हणजे, पुन्हा एकदा मुलीला विचारून—"

"मुलगी नागपूरला श्वास घेते. घरी जी घेते, तिच्यासाठी हवंय. उद्या माणसं पाठवा. आधी बॅटरी बसवा, ती घरच्या विजेवरही भरते. पॅनल मागून येऊ देत."

"पाठवतो सर. पण तुमच्या वयाला ते भाड्याचं—"

"वय माझं आहे, चौगुले. ते मी बघतो. तुम्ही बॅटरीचं बघा."

त्यांनी फोन बंद केला. छाती भरून आली होती. असं कुणाला सुनावून किती दिवस झाले होते! भैरूनं सुद्धा आदरानं मान हलवली.

आणि पुढच्याच क्षणी शंका सुरू झाल्या. चौगुलेचा माल बरा असेल ना? गच्चीवर टाकीची सावली पडेल का? भाड्याचा करार मधेच मोडता येतो, असं कुणीतरी म्हणालं होतं, त्याची चौकशी राहिलीच...

"महाराज... बरोबर केलं ना मी?"

स्वामी शिडीवरून उतरत होते. एकेक पायरी, भैरूच्या खांद्याला धरून. खाली आल्यावर त्यांनी गुडघे चोळले.

"शेवटचं कौल तू बसव, मास्तर," ते म्हणाले. "माझा हात पुरत नाही तिथवर."

"मी?" अच्युतराव एक पाऊल मागं सरले. "मी हे कधी केलेलं नाही. त्याची काही पद्धत असेल."

"असेल."

"चुकीचं बसलं तर?"

स्वामींनी नवं कौल उचलून त्यांच्या हातात दिलं.

अच्युतरावांनी चपला काढल्या. का काढल्या ते त्यांनाही कळलं नाही. शिडीच्या पायऱ्या घामानं ओल्या होत्या. वर पोचल्यावर त्या भोकातून त्यांना आभाळ दिसलं, काळं, अगदी जवळ, आणि गार वारा तोंडावर आला. वरचं कौल एका हातानं उचलायचं आणि नवं त्याच्या खाली सरकवायचं. पहिल्यांदा ते अडलं. दुसऱ्यांदा निसटून त्यांच्याच नाकावर आपटलं. भैरू "हळू, हळू" करत राहिला.

मग ते रिपेवर टेकलं. टक्कन आवाज झाला आणि खोलीत अंधारून आलं.

अच्युतराव ते दाबून बघत राहिले. हलत नव्हतं. पण डाव्या कडेला बोटभर फट वाटत होती... की भासच होता? त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा बघितलं.

"महाराज, बसलं का नीट?"

त्यांनी कौलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"खालून दिसत असेल तुम्हाला. फट आहे का? नसेल बसलं तर आत्ताच सांगा."

त्यांनी खाली बघितलं.

स्वामींनी कोपऱ्यातली चटई ओढून आणली होती. तिच्यावर घोंगडी अंथरली, आणि बरोबर त्या कौलाखाली, शिडीच्या पायाशी, ते उताणे झोपले. हात डोक्याखाली घेतले. डोळे वर.

"येऊ दे आता पाऊस."