पडलो तर दोष माझा

फार पूर्वी वाराणसीत जनसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होते. त्या जन्मी ते माणूस होते; त्यांना ना मृगजन्मीची सोनेरी शिंगे होती, ना गजजन्मीचे शुभ्र सुळे. नाव सोमदत्त, वय झालेले, आणि गुडघे असे धरलेले की सभेच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबत आणि आभाळाकडे पाहत असल्याचा बहाणा करीत. लोक ओळखून होते, पण कोणी हसत नसे. एकदा आसनावर बसला की हा म्हातारा कोणाच्या दबावाने तसूभरही हलत नाही, हे साऱ्या नगराला ठाऊक होते.

त्याच नगरात खेमा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा तिष्य गवंडी होता आणि उदय श्रेष्ठीच्या नव्या प्रासादावर कामाला होता. श्रेष्ठीने आपल्या कामकऱ्यांना आपल्याच जमिनीवर झोपड्या दिल्या होत्या. जोवर माणूस कामावर, तोवर झोपडी त्याची, असा तिथला रिवाज होता.

वाराणसीच्या बांधकामांवर आणखीही एक रिवाज होता. परांचीवर चढण्यापूर्वी प्रत्येक गवंडी बांबूला हात लावून सगळ्यांसमक्ष मोठ्याने म्हणे, “पडलो तर दोष माझा.” हे शब्द पहिल्यांदा कोणाला सुचले ते कोण जाणे. गवंड्याला सुचले नसणार, एवढे मात्र नक्की. ते म्हटल्याशिवाय कारभारी कोणाला वर चढू देत नसे, म्हणून तिष्यही रोज सकाळी ते म्हणे. त्यात काही विशेष आहे असे त्याला कधी वाटले नाही.

एके दिवशी तिष्य कारभाऱ्याला म्हणाला, “परांचीचे दोर गेल्या पावसाळ्यातले आहेत. भिजून कुजलेत. नवे द्या.” कारभारी श्रेष्ठीकडे जाऊन आला आणि म्हणाला, “मालक म्हणतात दोर भक्कम आहेत. तुला चढायचं नसेल तर राहू दे, दुसरे पुष्कळ आहेत.” तिष्यने बांबूला हात लावला, ते शब्द म्हटले आणि तो चढला. दुपार व्हायच्या आत दोर तुटला, बांबू निसटला आणि तो खाली विटांच्या राशीवर आदळला. मांडीचे हाड मोडले. वैद्य म्हणाला, जगेल, पण पुन्हा परांचीवर चढणार नाही.

खेमा त्याच्या पायाला लेप लावीत होती, तेवढ्यात कारभारी दारात येऊन उभा राहिला. आत यायचे त्याच्या जिवावर आले होते. “झोपडी रिकामी करावी लागेल, वहिनी,” तो म्हणाला. “नवा गवंडी यायचाय.”

“हा उठून बसू शकत नाही. याला घेऊन कुठं जाऊ?”

“मी सांगकाम्या माणूस. मला कशाला विचारता?” असे म्हणून तो निघून गेला. खेमाने लेपाचे भांडे खाली ठेवले, पदर खोचला आणि थेट न्यायसभा गाठली.

सभेत उदय श्रेष्ठी शांतपणे बोलला. तो काही राक्षस नव्हता. देवळांना तूप देई, भिकाऱ्याला विन्मुख पाठवत नसे. फक्त आपल्या खिशाला चाट बसणार असे दिसले की त्याची दया जागच्या जागी थिजायची. “दोर भक्कम होते,” तो म्हणाला. “तिष्य बेसावध होता. आणि आर्य, तो स्वतःच म्हणाला होता, पडलो तर दोष माझा. चार माणसांसमक्ष दिलेला शब्द परत घेता येत नाही, हा या नगराचा कायदा आहे.”

दुसऱ्या गवंड्यांना विचारले, तर सगळे माना खाली घालून उभे. शब्द ऐकले होते का? ऐकले होते. दोर कसे होते? त्यावर कोणाच्या तोंडून अवाक्षर निघेना. खेमाला त्यांचा राग आला आणि लगेच ओसरलाही, कारण तेही श्रेष्ठीच्याच झोपड्यांत राहत होते.

सोमदत्त अमात्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाले, “जागा पाहिल्याशिवाय मी निकाल देत नाही. उद्या सकाळी तिथेच भेटू.”

कायदा तर श्रेष्ठीच्याच बाजूचा होता. संध्याकाळी न राहवून खेमा अमात्यांच्या दाराशी विनवणी करायला गेली, तर तिच्या आधीच तिथे एक पालखी येऊन उभी होती. आत मऊ गादी, वर रेशमी छत. श्रेष्ठीचा माणूस सांगत होता, “मालकांनी पाठवलीय. आर्यांचे गुडघे दुखतात, सभेला येण्याजाण्याचे हाल होतात म्हणून.” संपले सगळे, असे खेमाच्या मनात आले.

अमात्य बाहेर आले. त्यांनी गादीवर हात दाबून पाहिला, अगदी लहान मुलासारखा, आणि एक सुस्कारा टाकला. “फार छान आहे हो,” ते म्हणाले. “श्रेष्ठींना सांगा, माझ्या गुडघ्यांना फार मोह झाला होता. पण खटला चालू असताना त्यांचं ऐकायचं नसतं.” पालखी रिकामी परत गेली. खेमाने विनवणी केलीच नाही. या माणसाला विनवण्याची गरज नाही, असे तिला वाटले आणि पहिल्यांदाच तिच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी प्रासादापुढे सारे नगर लोटले होते. तिष्य पडला ती बाजू मोकळी होती. पण उत्तरेच्या भिंतीची परांची अजून उभी होती, त्याच कोठारातल्या दोरांनी बांधलेली. अमात्यांनी विचारले, “श्रेष्ठी, हे दोर त्या दोरांबरोबरचेच ना?”

“होय आर्य. तेच, आणि भक्कम आहेत.”

“ठीक. मग तिष्य बेसावध होता की काय, ते वर जाऊन पाहतो.” त्यांनी काठी खेमाच्या हाती दिली, उत्तरीय कमरेला गुंडाळले, बांबूला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पडलो तर दोष माझा.”

लोकांत कुजबुज झाली. म्हाताऱ्याने पहिल्या आडव्या बांबूवर पाय ठेवला. गुडघा कुरकुरला, त्याहून जास्त बांबू. त्यांनी दुसरा पाय उचलला. ते काही नाटक करीत नव्हते. खेमा अगदी जवळ उभी होती, तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तिला ओरडावेसे वाटले, पण तिच्या आधी दुसराच कोणी ओरडला.

“आर्य, उतरा! आधी खाली उतरा!” उदय श्रेष्ठी धावत आला आणि त्याने अमात्यांचा पायच धरला. “दोरांचा भरवसा नाही!”

“तुम्ही तर भक्कम म्हणालात.”

“मी काहीही म्हणालो असेन! तुम्ही पडलात तर राजा माझं घरदार धुळीला मिळवील!”

“का बरं?” अमात्यांनी वरूनच विचारले. “मी शब्द दिलाय. चार सोडा, चारशे माणसांसमक्ष दिलाय. दोष माझा.”

“शब्दांना काय करायचंय, आर्य! शब्दांनी कोणी पडायचं राहतं का?”

श्रेष्ठीने हे बोलून टाकले आणि मग आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच ऐकू आले. अमात्य हळूहळू खाली उतरले, खेमाकडून काठी घेतली आणि जराही आवाज न चढवता म्हणाले, “शब्द तेच, दोर तेच, उंचीही तीच. मी पडलो तर दोष तुमचा आणि तिष्य पडला तर दोष तिष्यचा, हे कसं, तेवढं मला समजावून सांगा. मग मी तुमच्या बाजूने निकाल देतो.”

श्रेष्ठीला सांगता आले नाही. कोणालाच आले नसते.

मग अमात्यांनी निकाल दिला. जे शब्द म्हटल्याशिवाय मजुराला काम मिळत नाही, ते म्हणजे त्याने दिलेला शब्द नव्हे. दोर ज्याने दिला, जोखीम त्याची. तिष्यच्या घरची चूल श्रेष्ठीने चालवावी, त्याला बसून करता येईल असे काम द्यावे आणि ती झोपडी त्याच्या हयातीत कोणी मागू नये. तेव्हा कुठे गवंड्यांच्या माना वर झाल्या आणि सगळेच एकदम दोरांविषयी बोलू लागले.

“पण आर्य,” श्रेष्ठी पडेल आवाजात म्हणाला, “राजाच्या गजशाळेच्या परांचीवरही हेच शब्द म्हणायला लावतात.”

“ठाऊक आहे. आता राजाकडेच निघालोय,” अमात्य म्हणाले. राजा आधी रागावला, मग विचारात पडला. ज्याने स्वतःचा जीव त्या दोरावर टाकला होता त्याला नाही म्हणणे त्याला जमले नाही, आणि नगरभर ते शब्द बंद झाले.

परतताना खेमाने वाटेत अमात्यांना गाठले. “बाबा, श्रेष्ठी ओरडले नसते तर?”

“तर चढलो असतो.”

“आणि पडला असता!”

“पडलो असतो, पोरी. पण ज्या कायद्यानं तिष्यला वर पाठवलं, तो चालवणाऱ्यांत एकानं तरी वर जाऊन बघायला नको का?” खेमा रस्त्यातच त्यांच्या पाया पडली. त्यांना तिला उठवायला वाकता येईना, म्हणून तेही खाली बसले, आणि मग दोघांना उठवायला लोकांना यावे लागले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा कालक नावाचा भिक्षू जवळच खाटेवर पडून होता. छप्पर शाकारताना तो पडला होता, आणि विहाराच्या बांधकामावर देखरेख करणारा भिक्षू सुभग सकाळपासून सगळ्यांना सांगत होता की चूक कालकचीच, त्यानेच जपून पाय टाकायला हवा होता.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा तिष्य म्हणजे आजचा कालक. खेमा म्हणजे त्याला पेज आणून देणारी उपासिका पूर्णिका. सोमदत्त अमात्य मीच होतो. आपल्या देहाला जो न्याय, तोच दुसऱ्याच्या देहाला, या वृत्तीला समानात्मता म्हणतात. ती सांगून कळत नाही, दुसऱ्याच्या जागी पाय ठेवावा लागतो.”

उदय श्रेष्ठी कोण, हे त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारायच्या आत सुभग उठला, छपराला लावलेल्या शिडीशी गेला आणि तिची पहिली पायरी हाताने हलवून पाहू लागला.