भिवराचा ऐन

कुणीतरी या ऐनाच्या खोडावर चाकूने स्वतःचं नाव कोरलं आहे. ज्याने कोरलं, त्याला हे झाड कशाचं आहे ते विचारण्याइतकाही धीर नव्हता. आम्ही विचारलं. झाडाखाली रेशमाचे कोसे निवडत बसलेल्या तुळारामबाबांनी सांगितलं, ते असं.

फार पूर्वी या गावात बुधाजी नावाचा, ऐनाच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसून कोसा पिकवणारा होता. त्याची चाळीस झाडं. शेजारच्या भिवराचं, विधवा बाईचं, हे एकच. हंगामात कोशांतून पाखरं, म्हणजे रेशमाचे पतंग, निघाली की बुधाजी आपल्या माद्या घरात, चुलीच्या धुरात झाकून ठेवी; कुणी नेईल म्हणून. भिवरा आपली टोपली या फांदीला वाऱ्यावर टांगे. मादीच्या अंगचा वास माणसाला येत नाही, पण नराला मैलावरून येतो. दिवेलागणीला रानभरातले नर भिवराच्या टोपलीभोवती जमत. त्यात बुधाजीचेही असत.

तो फडफडाट बुधाजीच्या छातीत सलत राहिला, असं सांगतात. चाळीस झाडांकडे पाठ करून तो या एकाकडे बघत बसे. एका दुपारी भिवरा पाण्याला गेली, तेव्हा त्याने तिच्या साऱ्या माद्या मुठीत चुरडल्या, टोपलीसकट नाल्यात फेकल्या, राखेने हात धुतले. आणि तिने ओरड करण्याआधी त्यानेच पंच बोलावले.

"चेटकीण हाये हे! माह्ये नर मंत्रानं ओढते. गावाबाहेर काढा इले!"

पंच माना डोलवू लागले. विधवेला चेटकीण ठरवायला तेव्हाही फार पुरावा लागत नसे.

"आज त माही टोपलीच नाही, दादा," भिवरा म्हणाली. "मंग तुह्ये नर आज कोठं जातेत, ते पाहू."

दिवेलागण झाली. पहिलं पाखरू आलं ते भिवराकडे रोखलेल्या बुधाजीच्या बोटावर बसलं. मग दुसरं. मग म्हणे सारं रानच उठून आलं. तो हात झटकत राहिला, पाखरं पुन्हा पुन्हा त्याच तळव्यांवर बसत राहिली. पंचांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आजही गावात कुणावर आळ घ्यायचा असेल, तर घेणाऱ्याने आधी भिवराच्या ऐनाखाली दोन्ही तळवे उघडून उभं राहायचं. गेल्या उन्हाळ्यात एकजण शेजारणीच्या नावाने तावातावाने बोलत इथवर आला, झाड पाहिलं, आणि "जाऊ द्या" म्हणत परत गेला.

चहा घेऊन आलेली बाबांची सून हसली. "तो आला तवा पाखरं त कोशातच होते ना जी."