राजाच्या बागेचं विरजण

राजा रणधवलाच्या बागेतली संत्र्याची झाडं उभ्याउभ्या वाळायला लागली! पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक गळायला लागला आणि मूळ उकरावं तर कुजकी साल हातात यायची.

झाड आजारी पडलं की माळ्याला विचारावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण प्रधान गुणनिधी पडले विद्वान! त्यांनी नाकाला रुमाल लावून माती पाहिली आणि म्हणाले, "महाराज, रोग घाणीतून येतो. राजाच्या झाडानं शेणात पाय रोवायचे म्हणजे काय!"

लगेच फर्मान सुटलं. महाराजांच्या वाड्यात आणि बागेत शिळं, कुजकं, आंबलेलं काहीही शिरता कामा नये! शेणखत बंद झालं. झाडांच्या बुडाची माती काढून मोठमोठ्या कढयांत उकळली, चाळली आणि परत भरली. रोग कुंपणावरून उडी मारून आला तर काय, म्हणून सेनापतींनी दोनशे भालेकरीही उभे केले.

हळूहळू मरणारी झाडं आता भराभर मरू लागली. कुणाचं तरी चुकलं असणारच. प्रधानांचं चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा केरबा माळ्याचं चुकलं असं ठरलं! अमावास्येच्या आत त्यानं राज्याची वेस ओलांडावी, असा हुकूम निघाला. केरबानं बागेतलं एकेक झाड स्वतःच्या हातानं कलम बांधून वाढवलं होतं. म्हातारा अन्नाला शिवेना.

केरबाची लेक सगुणा हे पाहत होती. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. चौथ्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन थेट दरबारात उभी राहिली.

"काय आहे त्यात?" राजानं विचारलं.

"फौज आहे, महाराज! रोगाशी लढायला आणलीय."

प्रधानांनी वाकून पाहिलं. टोपलीत ओला कोंडा, त्यात कालवलेली रानातल्या जुन्या जांभळाखालची माती आणि वर हिरवट-पांढरी बुरशी. "शी! ही तर कुजकी घाण!"

"त्या जांभळाचं मूळ माझ्या आज्यापासून कधी कुजलं नाही, प्रधानजी. त्या मातीत राहणारे जीव मुळांभोवती पहारा करतात, रोगाच्या बुरशीला खाऊन टाकतात. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच."

दरबार खो खो हसला. राजा मात्र हट्टी. "दिसत नाही ती कसली फौज? उद्या माझ्या जेवणाच्या आत यातला एक तरी शिपाई माझ्यापुढं हजर कर. नाहीतर बापाबरोबर तूही वेशीबाहेर!"

सगुणानं मुजरा केला आणि घरी न जाता मुदपाकखान्याची वाट धरली. गोविंदभट आचारी दुधाला विरजण लावायला बसले होते.

"भटजी, हे कालचं दही ना? शिळं, वर आंबलेलं! फर्मान ऐकलं नाही वाटतं?"

गोविंदभटांच्या हातातला चमचा गळून पडला. त्यांनी दूध नीट उकळलं, गाळलं, चांदीच्या भांड्यात झाकून ठेवलं आणि विरजणाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा पानावर बसला. दहीभाताशिवाय त्याचं जेवण संपत नसे. भांड्यावरचं झाकण निघालं आणि असा वास सुटला की प्रधानांचा रुमाल आपोआप नाकाला गेला!

"दूध नासलंय! दही कुठाय माझं?" राजा कडाडला.

"फ-फर्मान, महाराज!" गोविंदभट पुटपुटले. "विरजण म्हणजे शिळं आणि आंबलेलं..."

"अरे शहाण्या, विरजण लावल्याशिवाय कधी दही लागतं का?"

दाराशी उभी असलेली सगुणा पुढं आली. "महाराज, विरजणात असतं तरी कोण? दुधाचं दही करणारा त्यातला एक कारागीर मला दाखवा. तो हजर झाला की माझा शिपाईही लगेच हजर करते!"

राजानं वाकून भांड्यात डोकावून पाहिलं.

"दूध उकळलं, त्यातलं सगळं मेलं. विरजण नाही म्हणून रिकाम्या घरात भलतेच शिरले. आपल्या मातीचं तेच झालं, महाराज. मी फक्त तिचं विरजण आणलंय."

राजानं नासलेल्या दुधाचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "केरबाला थांबवा. पोरीला बाग द्या!"

सगुणानं आधी चर खणून बुडाशी तुंबलेलं पाणी काढलं. मग टोपलीतला कोंडा मुरलेल्या शेणखतात मिसळून मुळांशी घातला. पार गेलेली झाडं गेलीच, पण बाकीच्यांना पांढरी मुळी फुटली, मग पालवी आली. पुढच्या हंगामात केरबानं पहिलं संत्रं महाराजांपुढं ठेवलं.

"बागेची मुखत्यारी तुझी, आणि शेजारची जमीन इनाम!" राजा फोड चघळत म्हणाला. "आता तुझ्या फौजेसाठी काहीतरी माग."

"फौजेला दर आठवड्याला टोपलीभर शेणखत लागतं, महाराज. ते वाहायला जाणता माणूस हवा. प्रधानजींइतकी मातीची पारख कुणाला? त्यांनी तर ती शिजवूनसुद्धा पाहिलीय!"

राजाला एवढं हसू लोटलं की संत्र्याची बी घशात अडकली. ठसका आवरत त्यानं आपल्या हातानं टोपली उचलली आणि प्रधानांच्या पगडीवर ठेवली.