पोथीबाहेरचा फासा

एका राज्यात सोंगांचा खेळ घरोघर चाले. एकजण सूत्रधार होऊन वाट सांगे, बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्य अशी सोंगं घेत, आणि संकट आलं की तरायचं की मरायचं ते फासा ठरवी. पण प्रत्येक घराची रीत निराळी. एका घरी मेलेला योद्धा भूत होऊन खेळत राही, दुसऱ्या घरी त्याला उठून पाणी भरावं लागे. यावरून सोयरिकी मोडू लागल्या, तेव्हा राजा अरुणध्वजाने कूटाक्ष नावाच्या मायाव्याकडून साऱ्या राज्यासाठी एकच पोथी लिहवून घेतली. मायाव्याने शेवटच्या पानावर शाप घातला: पोथीबाहेर जो खेळेल त्याची हस्तिदंती सोंगटी होईल.

पहिल्याच महिन्यात गावंच्या गावं सोंगट्या होऊन डबीत जाऊन बसली.

वेणुमतीची धाकटी बहीण तरला त्यातलीच. तिचा गुन्हा एवढाच, की विसरभोळ्या म्हाताऱ्या वडिलांना तिने कच्चा लिंबू म्हणून खेळात घेतलं होतं. त्यांचं सोंग कधी मरत नसे. वेणुमतीने बोटाएवढी बहीण पदराच्या गाठीत बांधली आणि राजवाडा गाठला. राजाने हात वर केले. पोथी आता त्याच्याही हातची राहिली नव्हती. द्वारपालाने समजूत घातली, की नियम सर्वांना सारखा. तिने विचारलं, लिहिणाऱ्यालाही का? द्वारपालाला ते ठाऊक नव्हतं. तिला मात्र जाणून घ्यायचंच होतं.

कूटाक्षाच्या महालात पिंजऱ्यात एक साळुंकी होती. तिला पोथी तोंडपाठ होती. कूटाक्ष म्हणाला, तीन डाव जिंकलीस तर बहीण परत. एकही हरलीस तर तूही सोंगटी होऊन तिच्या शेजारी.

पहिल्या डावात त्याने नदी म्हटलं, आणि दालनातून नदी वाहू लागली. नाव मिळायला फाशावर सहा हवे होते. वेणुमतीला दोन पडले. तिने साळुंकीला विचारलं, नदीशी बोलायला मनाई आहे का? चाळिसाव्या पानावर परवानगी आहे, असं साळुंकीने सांगितलं. मग वेणुमतीने नदीलाच वाट देशील का, असं विचारलं, आणि नदी बाजूला झाली.

दुसऱ्या डावात सोन्याच्या राशीवर नाग बसला. तुला सोनं कशाला लागतं, असं तिने विचारलं. नागाला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. तो विचार करत राहिला आणि ती पलीकडे गेली.

तिसऱ्या डावात कूटाक्षाने बहिरा राक्षस आणला. त्याला विचारून उपयोग नव्हता. राक्षसाच्या वतीने कूटाक्षाने आणि समोरून तिने फासा टाकायचा, मोठं दान जिंकेल. वेणुमतीला पाच पडले. कूटाक्षाचा फासा घरंगळत पोथीला टेकला आणि कोनावर तिरका उभा राहिला. त्याने तो सवयीने उचलून पुन्हा टाकला. सहा.

"हे कितव्या पानावर?" वेणुमतीने विचारलं.

"टेकलेला फासा पुन्हा टाकतात. एवढं सर्वांना कळतं."

"आमच्याकडे टेकला की शून्य धरतात."

कूटाक्षाने साळुंकीकडे पाहिलं.

"कुठल्याच पानावर नाही, महाराज," साळुंकी म्हणाली.

कूटाक्षाची पावलं पांढरी पडली, मग घोटे. तो पुरता सोंगटी झाला असता तर पोथीत ओळ घालणारा हातच उरला नसता. वेणुमतीने लेखणी त्याच्या बोटांत दिली.

"ही रीत कुणाची?"

"आईची," तो हळूच म्हणाला.

"मग तसंच लिहा."

त्याने लिहिलं: टेकलेला फासा पुन्हा टाकावा, आमच्या घरी अशी रीत आहे.

पोथीत 'आमच्या घरी' हे दोन शब्द आले आणि शाप बुचकळ्यात पडला. घर कुणाचं? जो पोथी वाचील त्याचंच ते घर. साऱ्याच घरांच्या रीती पोथीत आल्या, शापाला धरायला कुणी उरलं नाही. पदराची गाठ सुटली आणि तरला उभी राहिली. डब्या उघडल्या, गावं आपापल्या जागी गेली.

राजाने हुकूम काढला: पोथी असू द्यावी, पण फासा हाती घेण्याआधी घरधन्याने घरची रीत मोठ्याने सांगावी. कूटाक्षाचे पाय सुटले. पायाची एक करंगळी मात्र हस्तिदंतीच राहिली, ती तो कुणाला दाखवत नसे.

डबीतली माणसं जशी घरी आली, तशी ऐकणाऱ्यांची अडकलेली माणसं घरी येवोत.