गोंदाजीचा वस्तरा

राजे हत्तीवरून फिरत आणि बाकीची माणसं पायी, त्या काळची ही गोष्ट.

एका डोंगरी गावात गोंदाजी नावाचा न्हावी राहत होता. त्याचा हात इतका हलका, की दाढी करून घेता घेता लोकांना डुलकी लागे. ही कीर्ती राजधानीपर्यंत गेली आणि एके दिवशी राजाचा निरोप आला, "धाकट्या राजपुत्राचं जावळ तूच काढायचंस."

गोंदाजीचा आनंद गगनात मावेना! त्याने दगडावर वस्तऱ्याला धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर तो घासघासून चकचकीत केला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि धोपटीत ठेवला. धोपटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. वाटेत ती तो तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून चालला. मुक्कामाला कोणी म्हणालं, "गोंदाजी, तेवढी दाढी करा की!" तर तो हसून म्हणे, "आता नाही, बाबा. हा वस्तरा आता राजपुत्राचाच!"

राजधानीच्या अलीकडे मोठी नदी होती आणि तिला पूर आला होता. गोंदाजी नावेत बसला. सोबत बाजारकरी होते, एक म्हातारी होती, एक लेकुरवाळी होती. नाव मधोमध आली आणि वरून एक उन्मळलेलं झाड वाहत आलं. धाडकन धक्का बसला. नावेच्या टोकाला बांधलेला दोर त्याच्या फांद्यांत अडकला आणि झाड नावेला ओढत खडकांकडे निघालं!

"दोर तोडा!" नावाडी ओरडला. "माझा कोयता पाण्यात गेला! कोणाकडं काही आहे का?"

गोंदाजीने धोपटी घट्ट धरली. दोर जाड, भिजलेला, वाळूने भरलेला. त्यावर वस्तरा चालवला, तर धार जाणार. धार गेली, तर राजाने दिलेला मान जाणार. खडकांवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळ जवळ येत होता. लेकुरवाळीने पोराला पदराखाली घेऊन डोळे मिटले.

ते पाहून गोंदाजी उठला. "सरका बाजूला!"

त्याने वस्तरा काढला आणि दोरावर चालवू लागला. कर्र, कर्र! एक पीळ तुटला. दुसरा तुटला. पात्याचे टवके उडाले. तिसरा पीळ तटकन तुटला, झाड सुटलं आणि खडकांवर आदळून त्याचे दोन तुकडे झाले. नावाड्याने सारा जोर लावून नाव काठाला आणली. माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. म्हातारीने गोंदाजीची अलाबला घेतली.

दरबारात सनई वाजत होती. राजपुत्र मामाच्या मांडीवर बसला होता. गोंदाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, माझ्या वस्तऱ्याचे टवके उडालेत. हे पातं मी बाळाच्या टाळूला लावणार नाही. मुहूर्त टळायच्या आत दुसऱ्याला बोलवा."

"राजाच्या कामाचं हत्यार घालवलंस कुठं?" राजाने भुवया चढवून विचारलं.

गोंदाजीने सगळं सांगितलं. मग राणीच बोलली, "दुसऱ्यांची लेकरं वाचवणाऱ्या हाताला माझं लेकरू द्यायला मला भीती वाटत नाही. वाड्यातला वस्तरा आणा!"

राजवाड्याच्या म्हाताऱ्या न्हाव्याने आपला वस्तरा आनंदाने पुढे केला. गोंदाजीने तो आधी स्वतःच्या हातावर फिरवून पाहिला, मग बाळाचे केस भिजवले आणि अलगद जावळ उतरवलं. राजपुत्र रडला तर नाहीच, मामाच्या मांडीवर गाढ झोपून गेला. राजाने त्याच दिवशी गोंदाजीला नवा वस्तरा घडवून दिला आणि नदीवर पूल बांधायचा हुकूम सोडला.

तात्पर्य: हत्यार जिवापाड जपावं, पण कुणाचा जीव वाचवायची वेळ आली तर ते खर्ची घालायला कचरू नये.