गळतीखालचे ओंडके

बर्फाच्या डोंगरातले ओंडके एकमेकांना ही गोष्ट अजून हळू आवाजातच सांगतात.

सोनमच्या घरी लाकडावर चालणारा नवा बॉयलर आला. तो तळघरात गुरगुरायचा आणि त्याचं गरम पाणी नळ्यांतून सगळ्या खोल्यांत फिरायचं. बाहेर छपराखाली रचलेल्या ओंडक्यांना मात्र फक्त ती गुरगुर ऐकू यायची. रोज काही जण आत जायचे आणि परत कुणीच यायचं नाही.

सोनम दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघायची. खणखणीत आवाज आला तर आत न्यायची. बद्द आवाज आला तर तिथेच ठेवायची, कारण ओल्या लाकडाने चिमणी काजळून तुंबते.

देवदाराच्या ओंडक्याने हे हेरलं. "छप्पर त्या कोपऱ्यात गळतं," तो कुजबुजला. "सगळे तिकडे सरका."

"अरे, आत तान्हं बाळ आहे. त्याला ऊब कोण देणार?" ओक झाडाचा म्हातारा ओंडका म्हणाला.

"तुम्ही द्या, आजोबा. तुम्हालाच फार हौस."

ओक आत गेला. बाकीचे थरथरत भिजत राहिले.

सोनमने त्यांना आपटून पाहिलं. "सगळे भिजले की," ती म्हणाली. तिने शेजारून सुकं लाकूड आणलं आणि यांना भिंतीमागे ढकलून दिलं. ओंडक्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

बर्फ वितळू लागलं तेव्हा देवदाराच्या सालीखाली काहीतरी मऊ, गार सरकलं.

"कोण आहे?"

"बुरशी," आतून आवाज आला. "घाबरू नकोस. मला मुळीच घाई नाही."